आधी माणूस, मग वर्दी

वाचकांचे प्रश्न : लष्करी देखाव्यासाठी प्लास्टिकच्या फिगर्स

या खेपेला आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रांचा सूर एकच आहे. रणगाडा जमला, जीप जमली, मातीचा रस्ताही जमला; माणसं ठेवली आणि सगळं खोटं वाटायला लागलं. म्हणून आजचं पान फक्त माणसांसाठी, म्हणजे ज्यांना आम्ही फिगर्स म्हणतो त्या छोट्या प्लास्टिकच्या सैनिकांसाठी.

बाहेर ज्याला डायोरामा म्हणतात, त्याला मी देखावाच म्हणतो. पुण्यात वाढलेल्यांना तो समजावून सांगावा लागत नाही. गणपतीचे देखावे पाहत आपण मोठे झालो आणि दिवाळीत अंगणात किल्ला करून, त्यावर हळीव पेरून, कसब्यातल्या कुंभारवाड्यातून आणलेली चित्रं मांडली. पहिला पहारेकरी कुठे उभा करायचा, यावरून भावंडांत भांडणं झाली, तोच आपला या छंदाचा पहिला धडा.

माझ्याबद्दल नव्या वाचकांसाठी दोन शब्द. मी भोसरीत टूलरूममध्ये एकतीस वर्षं प्लास्टिकचे साचे केले. बादल्यांची झाकणं, स्विचची बटणं, गाडीच्या डॅशबोर्डचे भाग. त्यामुळे फिगरचा खोका उघडला की माझी नजर आधी साच्याकडे जाते. खालच्या उत्तरांत ते दिसेलच.

प्रश्न : माझं मूळ गाव माणगाव तालुक्यात. नाईक यशवंत घाडगे यांच्या इटलीतल्या लढाईवर १/३५ मध्ये (खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढ्या मापात) देखावा करायचा आहे. मराठा पलटणीच्या फिगर्सचा सेट कुठे मिळाला नाही. ब्रिटिश सैनिकांचा सेट घेऊन चालेल का? कोणता घ्यावा?
— एक वाचक, धायरी

चालेल. पण सेट निवडण्याआधी दिवस आणि जागा पक्की डोळ्यांसमोर आणा. १० जुलै १९४४, टायबर नदीचं वरचं खोरं, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन. घाडग्यांचं सेक्शन, म्हणजे त्यांची छोटी तुकडी, मशीनगनच्या अगदी जवळून झालेल्या माऱ्यात सापडलं. एकटे घाडगे सोडले तर सेक्शनमधले सगळे पडले, कुणी ठार, कुणी जखमी. ते एकटे पुढे धावले. हातबॉम्बने मशीनगन आणि ती चालवणारा गारद केला, टॉमीगनने, म्हणजे हातातल्या छोट्या मशीनगनने, आणखी एकाला टिपलं. मॅगझीन, म्हणजे गोळ्यांची पेटी, बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. मग शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तिथेच पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

जुलै म्हणजे कडक उन्हाळा. त्यामुळे लोकरी बॅटलड्रेसमधले नॉर्मंडीचे ब्रिटिश सैनिक बाद. ते कसे ओळखायचे? आखूड, कमरेशी आवळलेला जॅकेटसारखा ब्लाउज आणि पँटच्या डाव्या मांडीवर पुढच्या बाजूला मोठा खिसा. तो खिसा दिसला की खोका परत ठेवा. तुम्हाला हवेत खाकी ड्रिलचे पातळ शर्ट, बाह्या कोपराच्या वर गुंडाळलेल्या. म्हणून आफ्रिकेच्या वाळवंटातले ब्रिटिशांच्या आठव्या आर्मीचे सेट बघा. खाली हाफपँट असेल तर ती चालेल, फुलपँट आणि घोट्यावर कापडी अँकलेट असतील तर आणखी चांगलं. डोक्यावर ताटासारखं पसरट लोखंडी टोपडं, वर जाळी. छातीवर दोन मोठे पाउच आणि पाठीवर फुली मारणारे पट्टे. घाडग्यांच्या बाहीवर दोन फिती, कारण ते नाईक होते. टॉमीगनला सरळ पेटीसारखं मॅगझीन लावा. खोक्यात गोल डबा दिला असेल तर तो स्पेअरच्या डबीत टाका.

बाकी जवानांच्या हाती थ्री-नॉट-थ्री रायफल. हिच्यातही दोन जाती आहेत आणि सेटमध्ये दोन्ही येतात. जुन्या एक नंबर मार्क तीनचं तोंड बोथट, नळी लाकडाबरोबर संपलेली. चार नंबरची नळी पुढे दोन-तीन इंच उघडी. मराठ्यांच्या हाती जुनीच द्या. १/३५ मध्ये ती सव्वाबत्तीस मिलिमीटर भरते, एवढं फूटपट्टीवर तपासून घ्या.

इतकं झालं तरी हे सगळं वर्दीचं झालं. वर्दी खरवडता येते, पाउच बदलता येतो, डोकं बदलता येतं. शरीर बदलता येत नाही, निदान सहजासहजी नाही. म्हणून माझा हट्ट असा की खोक्यावरचं चित्र हाताने झाका आणि रनरवरचे, म्हणजे सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला लागून येतात तिच्यावरचे, पाय बघा. चित्र चित्रकाराने काढलेलं असतं, पाय साचा करणाऱ्याने.

उभ्या फिगरसाठी गवंड्याचा ओळंबा वापरा. मी शिवणाच्या दोऱ्याला शिशाची बारीक गोळी बांधून ठेवली आहे. भाग गोंदाने पक्के करण्याआधी चिकटवायच्या मातीने तात्पुरते जोडा आणि गळ्याच्या खळगीतून दोरा सोडा. एका पायावर भार देऊन उभा असलेला माणूस असेल, तर दोरा त्या पायाच्या घोट्याशी यायला हवा. दोन्ही पायांवर सारखा भार असेल तर दोन टाचांच्या मध्ये. दोरा पायांच्या बाहेर पडला तर तो माणूस खऱ्या जगात कोसळला असता, आणि बघणाऱ्याला कारण कळलं नाही तरी खटकतंच. धावणाऱ्याचं उलट आहे. धावणं म्हणजे पडता पडता सावरणं, म्हणून दोरा टेकलेल्या पायाच्या पुढे पडला पाहिजे. तो पायावरच पडत असेल तर तो माणूस गुडघा वाकवून उभा आहे. कितीतरी नामांकित सेटमधले धावणारे असे जागच्या जागी उभे आहेत.

हे मला कुणी शिकवलं ते सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या गणपतीत मी गस्तीवर निघालेल्या सहा जवानांचा छोटा देखावा ठेवला होता. गणवेशासाठी महिनाभर फोटो धुंडाळले होते, बिल्ल्यांपर्यंत सगळं तपासलं होतं. आरतीला एक निवृत्त सुभेदार आले, शेजाऱ्यांचे पाहुणे, गाव साताऱ्याकडचं. बराच वेळ वाकून बघत राहिले आणि म्हणाले, “सगळं बरोबर आहे. पण यांच्या पिठ्ठूत काही नाही.” मला कळेना. मी म्हटलं, पाठीवरचा पिठ्ठू फुगीर आहे की. त्यांनी शेजारच्या मुलाचं भरलेलं दप्तर उचलून स्वतःच्या पाठीला लावलं आणि उभे राहिले. त्या क्षणी त्यांचं सगळं शरीर बदललं. मान पुढे आली, कंबर मागे गेली, दोन्ही अंगठे आपोआप पट्ट्यांखाली शिरले, पावलं जराशी फाकली. पट्ट्यांनी शर्ट खांद्यावर दाबला जाऊन दोन्ही बाजूंनी वर उचलला गेला होता. माझे सहाही जवान ताठ छातीने चालत होते आणि त्यांच्या पाठीवरचे पिठ्ठू नुसते चिकटवलेले होते. पिठ्ठू आणि पाठ यांत कागद सरकेल एवढी फट होती.

त्या दिवसापासून फिगर घेताना मी आधी भार शोधतो. पिठ्ठू, पाण्याची बाटली, बंदूक, काडतुसांची पेटी, जे काही त्या माणसाने धरलं आहे त्याचं वजन त्याच्या अंगात दिसतं का? दिसत असेल तर देश कोणताही असो, मी ती फिगर घेतो.

आता तुमच्या देखाव्याबद्दल. बंदूक उलटी धरून प्रहार करणारी फिगर मला आजवर कुठल्याच खोक्यात भेटलेली नाही. हातबॉम्ब टाकणारी फिगर कापून तसा आव आणायचा मोह होईल, पण तो प्रसंग मांडू नका, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. त्याच्या आधीचा क्षण घ्या. ते एकटे उठून पुढे निघाले तो. एक धावणारी फिगर, ओळंब्यात उतरलेली, आणि तिच्या समोर दहा-बारा सेंटीमीटर मोकळी जमीन. मशीनगन देखाव्याच्या कडेला किंवा कडेबाहेर. जमिनीचा तो रिकामा तुकडाच बघणाऱ्याला सगळं सांगतो. तो भरून टाकायचा हात आवरा.

मागे पडलेले जवान दाखवणार असाल तर एक काळजी घ्या. सेटमधल्या पडलेल्या फिगर्स बहुधा उभ्या पुतळ्यासारख्या कडक असतात, आडव्या केलेल्या. टेबलावर ठेवून डोळा टेबलाच्या पातळीला आणा. खालून उजेड दिसला तर तो माणूस जमिनीवर पडलेला नाही, ठेवलेला आहे. खांदा, नितंब, टाच जिथे टेकतात तिथे पॉलिशपेपरने घासून सपाट करा आणि जमीन ओली असतानाच त्यात थोडी दाबा. ही आपल्याच मुलखातली माणसं होती. त्यांना नीट निजवा.

आणि घर दाखवणार असाल तर कौलं अर्धगोल करा. इटलीतल्या त्या भागातल्या घरांची कौलं आपल्या कोकणातल्या नळीच्या कौलांसारखी दिसतात. माणगावकडच्या पोराला तिथे ती छपरं बघून काय वाटलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

प्रश्न : माझ्याकडे १/३५ ची जीप आहे आणि १/३२ च्या जुन्या फिगर्स आहेत. माणसं काय, उंच-बुटकी असतातच. एकत्र ठेवल्या तर चालतील ना?
— एक वाचक, बिबवेवाडी

माणसं उंच-बुटकी असतात, टोपडी आणि बंदुका नसतात. साडेपाच फुटी माणूस १/३५ मध्ये ४८ मिलिमीटर आणि १/३२ मध्ये साडेबावन्न. उंची कदाचित खपून जाईल. पण तीच रायफल एकीकडे ३२ आणि दुसरीकडे ३५ मिलिमीटर होते, आणि टोपडं तर घमेल्यासारखं दिसतं. शेजारी शेजारी ठेवू नका. १/३२ चा माणूस वापरायचाच असेल तर त्याचं डोकं, टोपडं आणि बंदूक १/३५ ची लावा, मग तो नुसता धिप्पाड गडी वाटेल. १/७२ आणि १/७६ मध्ये मात्र फरक मिलिमीटरभराचा आहे. तिथे मी फारसा जीव काढत नाही, फक्त मोठे पुढे आणि लहान मागे ठेवतो.

खोक्यावर प्रमाणाऐवजी नुसते मिलिमीटर लिहिले असतील तर जपून. कुणी पावलापासून डोक्याच्या टोकापर्यंत मोजतं, कुणी डोळ्यांपर्यंत. विकत घेण्याआधी बंदूक मोजा.

जाता जाता, अनेकांना हे १/३५ कुठून आलं ते हवं होतं. जपानच्या तामियाने साठच्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाडा काढला तेव्हा आत मोटर आणि बॅटऱ्या मावतील एवढा आकार ठेवला. नंतर मोजलं तर तो साधारण १/३५ भरला, आणि तेच प्रमाण रूढ झालं.

प्रश्न : काका, मी आठवीत आहे. मला वाढदिवसाला १/७२ च्या सैनिकांचं पाकीट मिळालं. रंग दिला, पण बंदुका वाकवल्या की रंगाचे पोपडे निघतात. मी काय चुकलो?
— एक विद्यार्थी, वानवडी

तू काही चुकला नाहीस. तुझे सैनिक मऊ प्लास्टिकचे आहेत, दुधाच्या पिशवीच्या जातीचं. त्याला रंग धरवत नाही. पुढच्या वेळी असं कर. आधी भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात सगळे जुन्या टूथब्रशने घास. साच्यातून सुटावेत म्हणून लावलेला तेलकटपणा त्यावर असतो, तो निघाला पाहिजे. वाळल्यावर प्लास्टिकवर चालणारा प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा थर, लाव, पातळ, दोनदा. मग अॅक्रिलिक रंग आणि शेवटी मॅट वार्निश. स्प्रेचा डबा असेल तर आईबाबांना सांगून गच्चीत मार, खोलीत नाही. एखादी बंदूक वाकडी आली असेल तर कढत पाण्यात क्षणभर बुडवून सरळ कर आणि लगेच गार पाण्यात धर. हे काम मोठ्या माणसाला शेजारी बसवूनच करायचं. आणि रंग झाल्यावर बंदुका वाकवायच्या नाहीत, बाळा.

पाकिटात एकाच पोझचे चार-पाच सैनिक असतील. सगळे मांडू नकोस. प्रत्येक पोझचा एक घे, आणि जे कुणाकडे तरी बघताहेत असं वाटतं ते जवळ जवळ ठेव. उरलेल्यांवर रंगाचा सराव कर.

प्रश्न : १७ पूना हॉर्स या पलटणीचा सेंच्युरियन रणगाडा करतो आहे, बसंतरची लढाई, १९७१. क्रूसाठी कोणत्या फिगर्स घेऊ? किती दाखवू?
— एक वाचक, खडकी

विषय ऐकूनच बरं वाटलं. सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल यांचा जन्म पुण्याचा, १४ ऑक्टोबर १९५०. शिक्षण खडकवासल्याच्या एनडीएत. १६ डिसेंबर १९७१ ला शकरगडच्या आघाडीवर बसंतरजवळ ते लढत पडले तेव्हा वय एकवीस. परमवीर चक्र. त्याच पलटणीचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर १९६५ मध्ये परमवीर ठरले होते.

सेंच्युरियनमध्ये चार माणसं: कमांडर, तोफ चालवणारा, गोळा भरणारा आणि चालक. लढाई चालू असताना झाकणातून दिसणार एक, फार तर दोन. म्हणून एकच फिगर घ्या आणि ती किती वर काढायची यावर वेळ घालवा. खोक्यातल्या अर्ध्या फिगर्स बहुधा कमरेपर्यंत वर येतात, संचलनात उभ्या असल्यासारख्या. गोळे येत असताना कुणी असा उभा राहत नाही. फिगर पोटातून कापा आणि खांदे झाकणाच्या कडेच्या जरा वर येतील एवढी खाली बसवा. कोपर कडेवर टेकलेलं हवं, तरंगणारं नको. हात बसवताना कडेवर ओला गोंद लावून खांदा फिरवत राहा, कोपराचा भार लोखंडावर आला की थांबा. डोक्यावर काळी बेरे द्यायची की हेडसेट, ते तुम्ही ज्या क्षणाचा फोटो आधाराला घेताय त्यावर ठरवा. आणि तोंडावर वय दिसू द्या. सेटमधले कमांडर सगळे चाळिशीचे, जबडा आवळलेले असतात. एकवीस वर्षांच्या मुलाचं डोकं शोधा, ते दुसऱ्या कुठल्याही सेटमध्ये सापडेल, पायदळाच्या किंवा वैमानिकांच्याही.

रणगाड्याशेजारी माणूस केवढा दिसतो याचा अंदाज फोटोतून येत नाही. एकदा अहिल्यानगरच्या टँक म्युझियमला जाऊन या. टेप न्या. सेंच्युरियनच्या चाकापाशी उभे राहा आणि वरची कड आपल्या अंगाला कुठे लागते ते लिहून घ्या. घोरपडीच्या दक्षिण कमांडच्या युद्धस्मारकातही तासभर काढण्यासारखा आहे.

याच विषयाला धरून दोघांनी विचारलं आहे की सैनिक कोणत्या युद्धातला ते बघणारा कशावरून ओळखतो. हातातल्या हत्याराकडे बघून. १९६२ मध्ये हिमालयात थ्री-नॉट-थ्री, १९७१ मध्ये एसएलआर रायफल, १९९९ ला कारगिलमध्ये इन्सास रायफल. हत्यार चुकलं की साल चुकलं. एसएलआरसाठी १९८२ च्या फॉकलंड युद्धातल्या ब्रिटिश फिगर्सचे हात कामी येतात, कारण त्यांची रायफलही त्याच घराण्यातली. हात बंदुकीसकट घ्या, बाकी शरीर राहू द्या.

प्रश्न : इंजेक्शन मोल्डच्या फिगर्स, रेझिनच्या फिगर्स आणि थ्रीडी प्रिंट, यांत कोणत्या घ्याव्यात? रेझिन दुप्पट महाग पडतं.
— एक वाचिका, प्राधिकरण

हा माझ्या आवडीचा प्रश्न, त्यामुळे थोडं लांबेल.

प्लास्टिकचा साचा पोलादाचा, दोन अर्ध्यांचा. बंद होतो, गरम पॉलिस्टायरीन आत शिरतं, थिजतं, साचा सरळ रेषेत उघडतो. सरळ उघडायचं म्हणजे आत कुठे अडकणारा कोपरा चालत नाही. माणूस मात्र सगळीकडून अडकणारा आहे. काखा, कान, पाउचच्या खालची सावली, बोटांमधल्या फटी. मग साचा करणारा काय करतो? जिथे अडकेल तिथे भरून टाकतो. म्हणून फिगर समोरून देखणी आणि बाजूने गुळगुळीत दिसते. शर्टाच्या चुण्या छातीवर खोल असतात आणि बरगडीपाशी येऊन विरतात.

फिगर बघताना कान बघा. डोक्याचा साचा बहुधा कानाच्या रेषेवर मिटतो, त्यामुळे आळसाने केलेल्या साच्यात कान म्हणजे नुसता उंचवटा असतो. कानाची पाळी आणि आतली वळी दिसली तर समजा साचा करणाऱ्याने जीव ओतला आहे, आणि त्याच्या बाकी भागांवरही विश्वास ठेवा. दुसरं, मांड्या आणि पाठ. जाड भागाचं बाहेरचं साल आधी थिजतं, आतलं नंतर आकसतं आणि सालीला आत ओढतं. तिथे उथळ खड्डा पडतो, आम्ही त्याला सिंक म्हणायचो. पुट्टीने भरता येतो, पण चुण्यांच्या मधोमध आला तर नको ते दुखणं. तिसरं, कडांवरची पातळ पापुद्र्यासारखी फ्लॅश. ती म्हातारा झालेल्या साच्याची खूण आहे. चाकूने निघते. पण चेहऱ्यावर असेल तर नाक सोबत घेऊन जाते.

चांगले सेट डोकं, धड, दोन्ही पाय, दोन्ही हात असे वेगवेगळे देतात. भाग जितके वेगळे, तितकी साच्याची मजबुरी कमी.

रेझिन म्हणजे थिजून कडक होणारा राळेसारखा द्रव; तो सिलिकॉन रबरच्या साच्यात ओततात. रबर वाकतं, म्हणून कानामागची खाच, बोटांतली फट सगळं येतं. दुप्पट पैसे त्याचे. घेताना बगलेत आणि हनुवटीखाली हवेचे बुडबुडे आहेत का ते बघा. रेझिनला प्लास्टिकचा गोंद चालत नाही, झटपट चिकटणारा सुपरग्लू लागतो. आणि घासताना पाण्यात बुडवून घासा, तोंडाला मास्क बांधा. ती धूळ छातीत जाऊ देऊ नका. टूलरूममध्ये धुळीकडे दुर्लक्ष करणाऱ्यांचं पुढे काय झालं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

प्रिंटमध्ये बारकावा विलक्षण येतो. गालावर आणि टोपड्यावर थरांच्या बारीक रेषा असतील तर मात्र रंग पातळ केला की त्या उठून दिसतात. उजेडात तिरपी धरून बघा.

खर्चाचं म्हणाल तर पूर्ण रेझिन फिगर घेऊच नका. धडं प्लास्टिकची ठेवा, डोकी रेझिनची घ्या. बघणारा पहिल्यांदा चेहरा बघतो आणि मग हात. एका डोक्याने पाच जणांचा देखावा उभा राहतो, जर ते डोकं ज्याच्याकडे बाकीचे बघताहेत त्याला बसवलं तर. मान बसवताना नजर तपासा. डोळ्यांच्या जागी टाचणी धरून तिचं टोक कुठे जातं ते बघा. बोलणाऱ्याकडे बघणाऱ्याची टाचणी त्याच्या तोंडाकडे गेली पाहिजे, खांद्यावरून नाही.

शीख जवानांची पगडी हवी असेल तर एम-सील घ्या. दोन्ही कांड्या सारख्या मळा, टाल्कम पावडर भुरभुरून रिकाम्या रिफिलने पातळ लाटा, चार-पाच मिलिमीटरच्या पट्ट्या कापा आणि कपाळापासून एकावर एक तिरप्या गुंडाळा. पट्टी ओढून बसवा, ठेवू नका. ओढल्यानेच तिच्यात कापडाचा ताण येतो.

प्रश्न : चेहऱ्याचा रंग डब्यावर लिहिल्याप्रमाणे दिला तर आपले जवान गोरे गुलाबी दिसतात.
— एक वाचक, हडपसर

डब्यातला रंग युरोपी चेहऱ्यांसाठी केलेला असतो. बर्न्ट सिएना आणि यलो ऑकर सारखे घ्या, पांढरा हळूहळू मिसळा. कॅम्लिनचे अॅक्रिलिक पुरतात. एका तुकडीतले चेहरे एकाच मिश्रणाने रंगवू नका. दर दोन चेहऱ्यांनंतर थोडा सिएना घाला. कोपराच्या वरचा हात, बाही गुंडाळल्यावर उघडा पडलेला, मनगटापेक्षा उजळ ठेवा. शेतात काम करणाऱ्या कुणाचाही हात बघा, तिथे रेष असते.

प्रश्न : माझे आजोबा मराठा पलटणीत होते. त्यांचा एकच फोटो आहे, वाईच्या घरासमोर उभे, रजेवर आलेले असताना. आईच्या पंच्याहत्तरीला त्यांची एकच फिगर करून द्यायची आहे. मी याआधी कधी काही केलेलं नाही. कोणती फिगर घेऊ?
— एक वाचिका, सहकारनगर

ताई, तुमच्या पत्रात तुम्ही लिहिलं आहे की फोटोत आजोबांचा उजवा खांदा किंचित खाली आहे आणि डावा हात पाठीमागे आहे. तुम्ही हे टिपलंत, म्हणजे अर्धं काम झालं.

लढणारी फिगर घेऊ नका. विसाव्यातल्या सैनिकांचे सेट मिळतात. युक्रेनच्या मिनीआर्टचे यात चांगले आहेत, त्यांच्याकडे गप्पा मारणारे, उभे असलेले, नुसते बघत असलेले लोक आहेत. खांदा खाली म्हणजे बहुधा त्याच बाजूच्या पायावर भार. तेव्हा उजव्या पायावर भार असलेली आणि डावा गुडघा सैल सोडलेली फिगर शोधा, देश कोणताही चालेल. हत्यार असेल तर हातासकट कापून टाका. पाठीमागे घेतलेला हात दुसऱ्या फिगरवरून घ्या. तो मागून कुणी बघणार नाही असं वाटेल, पण आई फिगर हातात घेऊन फिरवून बघणार, म्हणून बोटं नीट करा.

पहिलीच वेळ आहे म्हणून १/३५ च्या ऐवजी १/१६ किंवा त्याच्या आसपासची मोठी फिगर घ्या, असं कुणी सुचवेल. नका घेऊ. मोठ्या फिगरचा चेहरा हुबेहूब नसला तर मन दुखावतं. १/३५ मध्ये चेहरा तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढा असतो. तिथे माणूस ओळखू येतो तो उभं राहण्याच्या तऱ्हेने, आणि ती तऱ्हा तुमच्याकडे फोटोत आहे.

खाली लाकडाचा छोटा ठोकळा घ्या. त्यावर माती म्हणून चहाचा वापरलेला चोथा उन्हात कडकडीत वाळवून, गाळून, पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदात मिसळून पसरा. वाईच्या घराचा उंबरा दिसत असेल तर तेवढाच करा, घर नको.

फोटोची प्रत मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, मूळ फोटो पाठवू नका. पायापासून डोक्यापर्यंत आणि खांद्यापासून खांद्यापर्यंतची मापं मी काढून देतो. फोटोच्या मागे काही लिहिलं असेल तर त्याचीही प्रत काढा. साल कळलं की शर्टाची कॉलर ठरवता येईल.